न लिहिलेली बाटली

भिंतीवरचा माणूस वृंदानं जन्मात कधी पाहिला नव्हता. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे तांबारलेले, बनियनवर तेलकट डाग. खोलीच्या मधोमध उभा राहून तो एका सात वर्षांच्या मुलीवर ओरडत होता आणि मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती. कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीशेजारी दारूची एक बाटली आडवी पडली होती.

"हा सिद्राम कोष्टी. मुलीचा मामा," बालकल्याण समितीच्या अध्यक्षा माणगावेबाई म्हणाल्या. "बरोबर ना, जोगळे?"

ही खोली वृंदा जोगळेनंच बांधली होती, दोन पानांत आणि बावीस वाक्यांत. आणि त्या बावीस वाक्यांत बाटलीचं नावही नव्हतं.

आता ही भिंतींची भानगड काय, ते आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी गृहभेटीत काढलेले मुलांचे फोटो आणि चित्रफिती भलत्याच लोकांच्या हाती लागल्या. मग कायदा झाला की गृहभेटीला कॅमेरा न्यायचा नाही. समाजकार्यकर्त्यानं जायचं, बघायचं, ऐकायचं आणि शब्दांत लिहून आणायचं. कायदा चांगलाच होता. पण समितीवर माणसं तीन आणि वर्षाला प्रकरणं बाराशे. इतके अहवाल वाचून माणसाचे डोळे फुटायची वेळ येते. तेव्हा कुणीतरी शब्ददर्शन शोधून काढलं. अहवाल यंत्रात घालायचा, आणि समितीच्या खोलीच्या चार भिंतींवर ते घर उभं राहतं, आतल्या माणसांसकट. सदस्य मधोमध खुर्च्यांवर बसून अर्ध्या तासात गृहभेट उरकतात.

यंत्राला हे जमतं कसं? त्याला लाखो जुने अहवाल वाचायला दिले होते, आणि जोडीला त्या त्या घरांची, घरच्यांच्या परवानगीनं काढलेली जुनी चित्रं. कशाबरोबर काय असतं ते त्यानं त्यातून शिकून घेतलं. चूल म्हटली की वर काजळी, पत्र्याचं छप्पर म्हटलं की भोकांतून उन्हाचे कवडसे. इथवर ठीक. पण कुठलाच अहवाल सगळं सांगत नाही, आणि भिंत तर अर्धी रिकामी ठेवता येत नाही. मग यंत्र हिशेब करतं: जिथं जिथं एवढं लिहिलं होतं, तिथं आणखी काय काय असायचं? आणि ते आपणहून मांडून टाकतं. आपणही हेच करतो म्हणा. कुणी 'वकील' म्हटलं की आपल्याला आधी काळा कोट दिसतो. फरक इतकाच, की त्याला तो कोट आपण चढवलाय हे आपल्याला ठाऊक असतं. सुरुवातीला यंत्रही स्वतःच्या पदरच्या वस्तू फिक्या करड्या रंगात दाखवायचं. सदस्यांनी तक्रार केली की डोळ्यांना त्रास होतो, चित्र कसं सलग हवं. झालं, करडा रंग काढून टाकला.

मंजीची गोष्ट तशी साधी होती. आई गेलेली, बापाचा पत्ता नाही. मामा सिद्राम इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, लग्न न झालेला, तोच तिला सांभाळायचा. तीन महिन्यांपूर्वी त्याला जबर कावीळ झाली आणि तो दवाखान्यात पडला, म्हणून मंजीला बालगृहात ठेवलं. आता तो बरा झाला होता आणि भाचीला परत मागत होता. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणून हे प्रकरण वृंदाच्या वाट्याला आलं. बालगृहाच्या परवानगीनं ती मंजीला दोन तास घरी घेऊन गेली, आणि आल्यावर तिनं लिहिलं: 'पालनकर्ता अविवाहित पुरुष. बालिकेशी मोठ्या आवाजात बोलतो. भेटीदरम्यान आवाज वारंवार चढलेला आढळला.' सोबत बालगृहाची नोंद जोडली: 'मामाविषयी विचारल्यास बालिका मान खाली घालून गप्प बसते.'

यातलं काहीही खोटं नव्हतं. पहिल्या वर्षापासून तिला हेच शिकवलं होतं, की जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं, मनची कारणं जोडायची नाहीत. या अहवालाला वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

"पुढच्या बुधवारी शेवटचा निर्णय," माणगावेबाई फाईल मिटत म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, नऊ वर्षांत थकलेल्या होत्या. "काही पुरवणी द्यायची असेल तर मंगळवारपर्यंत. नाहीतर मुलीला दुसऱ्या जिल्ह्यात दीर्घ मुदतीच्या संस्थेत पाठवावं लागेल. असल्या घरात मी तिला सोडणार नाही."

कुणीही सोडलं नसतं. ती भिंत बघून वृंदानंही सोडलं नसतं.

वसतिगृहावर तिची खोलीतली मैत्रीण दीपाली वाघमोडे हिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, तुळस घातली नाहीस?"

"तिथं तुळस नव्हती."

"नव्हती म्हणून काय झालं? तुळस, उदबत्तीचा वास, भिंतीवर मुलीनं काढलेलं चित्र. तीन शब्द गं. गेल्या वर्षीच्या मुलींनी यादीच करून ठेवलीय. बघ तर खरं घालून."

कॉलेजात सरावासाठी एका भिंतीचं छोटं यंत्र होतं. दुसऱ्या दिवशी वृंदानं आपल्याच अहवालात ते तीन शब्द घातले. बाटली गेली. पेटीवर विणलेला रुमाल आला. मामाची दाढी झाली, कपाळावर गंध उमटलं, आणि त्याचं ओरडणंसुद्धा हाक मारल्यासारखं वाटू लागलं. मंजीच्या वेण्यांना लाल रिबिनी आल्या. समितीनं हसत हसत सही केली असती.

वृंदा बराच वेळ त्या माणसाकडे बघत राहिली. हाही सिद्राम नव्हता. खऱ्या सिद्रामचा चेहरा आठवायला गेली तर तिला नीट आठवेना, आणि तेव्हा मात्र ती चरकली. ज्या माणसाचं सगळं आपल्या लिहिण्यावर ठरणार, त्याचा चेहरा आपल्याला आठवत नाही. दोन तास आपण त्याच्या घरात काय बघत होतो?

तिच्या क्षेत्रकार्याच्या मार्गदर्शक होत्या शमा तांबोळी. पोरी त्यांना टरकून असायच्या, कारण अहवालाच्या समासात त्या लाल शाईनं फक्त प्रश्न लिहायच्या. वृंदानं त्यांना दोन्ही भिंतींचं सांगितलं, तीन शब्दांच्या यादीसकट.

"तुळस काढून टाकलीस?"

"हो, मॅडम."

"का? मुलगी घरी गेली असती."

"गेली असती. पण तीन महिन्यांनी तपासणीला कुणीतरी जाणार. त्याला तुळस दिसली नाही की मामा खोटारडा ठरणार, मी नाही. शिवाय..." वृंदा अडखळली. "उद्या एखाद्या घरात खरंच बाटली असेल, आणि तिथंही कुणी तुळस लिहील."

तांबोळी मॅडमनी चष्मा काढला. "बाटली तू लिहिली नाहीस, हे खरं. पण तिच्यासाठी जागा रिकामी ठेवलीस. त्याचा आवाज लिहिलास आणि थांबलीस. मनचं कारण जोडायचं नाही, हे आम्हीच शिकवलं. पण कारण विचारायचं नाही असं कुणी शिकवलं? कुठल्या दिवशी गेली होतीस?"

"मागांना आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी. त्यांना वेळ होता, मलाही बरं पडत होतं."

"म्हणजे माग बंद असताना मागवाल्याचं घर बघून आलीस." मॅडम हसल्या, पण त्या हसण्यात टोमणा नव्हता. "चालू असताना जा. आणि जे लिहिशील ते द्यायच्या आधी त्याला वाचायला दे. कायद्यानं तो त्याचा हक्क आहे. कुणी देत नाही, ती गोष्ट वेगळी."

शुक्रवारी सकाळी वृंदा त्या गल्लीत शिरली आणि तिच्या कानांना दडेच बसले. मोठ्या कारखान्यांतले नवे माग केव्हाच बिनआवाजी झालेत, पण या गल्लीत अजून जुनेच साधे माग होते. सिद्रामच्या खोलीची मागची भिंत म्हणजेच कारखान्याची भिंत. आत सहा माग खडखडत होते आणि त्या सहांच्या मधोमध तो उभा होता. उंच, सडपातळ, किंचित वाकलेला, भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली. वृंदानं हाक मारली. तिची तिलाच ऐकू आली नाही.

शेवटी तो तिला खोलीत घेऊन आला. भिंतीतून धडधड येतच होती.

"दादा, तुम्हाला ऐकायला कितपत येतं?" तिनं विचारलं. मग तेच पुन्हा, ओरडून.

त्यानं उजवा कान पुढं केला. "डावा गेला की कवाच. ह्यो जरा जरा. चौदाव्या वर्षापासनं हितंच हाय न्हवं मी." तो नेहमीसारखाच बोलत होता, म्हणजे गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. "कुनाला सांगू नगा ताई. मालकाला कळलं तर मागावरनं काढंल."

"मंजीशी पण असंच बोलता?"

"तिच्याशी कसं बोलतोय ते मला कुठं ऐकू येतंय?" सिद्राम म्हणाला आणि स्वतःच खळखळून हसला. "तीबी तशीच बोलती. शाळंत बाई म्हनत्यात, पोरगी भांडती. भांडत न्हाई ओ, बोलती."

वृंदा त्या दिवशी चार तास बसली, शनिवारी पुन्हा गेली. ती बघत होती आणि विचारत होती. खुंटीवर मंजीचा शाळेचा गणवेश होता, धुऊन इस्त्री केलेला. ती तीन महिने इथं नाही, मग कशाला धुता? तर म्हणे, मागाचा कापूस उडतो, आठवड्यात पांढरा थर बसतो, ती आली आणि घालायला घेतला तर? शेजारच्या हौसाक्कांकडून तो वेणी घालायला शिकला होता, पण भांग अजून वाकडा जायचा, असं हौसाक्काच म्हणाल्या. मंजीची झोपायची जागा भिंतीपासून सगळ्यांत लांब, कारण तिथं धडधड कमी. दारू? "कावीळ झाली तवा डाक्टरनं पन हेच इचारलं," तो म्हणाला. "न्हाई ओ. मला वासच सोसत न्हाई." वृंदानं हौसाक्कांनाही विचारलं, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही विचारलं, आणि कुणी काय सांगितलं ते ज्याच्या त्याच्या नावानिशी लिहून घेतलं.

सोमवारी दुपारी सात पानी पुरवणी घेऊन ती पुन्हा हजर झाली. सिद्रामनं शेजारच्या कामगाराला माग बघायला सांगितलं आणि उंबऱ्यावर बसून ओळीखाली बोट धरत वाचायला लागला. कानांबद्दलच्या ओळीवर बोट जरा थांबलं, मग पुढं सरकलं. पाऊण तास लागला. वृंदाला वाटलं, परीक्षेच्या निकालालाही आपण इतकं घाबरलो नव्हतो.

वाचून झाल्यावर त्यानं पानं नीट जुळवली.

"लई चांगलं लिवलंय ताई. पन एक ऱ्हायलं."

"काय?"

"मी मारलंय तिला. एकदा."

"कधी?" वृंदानं विचारलं.

"दिवाळीच्या आदी," तो सांगू लागला. "माग चालू हुता. मी सुताची कांडी बदलालतो. ही शाळंतनं आली ती सरळ आत, मला कायतरी दाखवायला. हात मागाच्या फिरत्या पट्ट्याकडं गेला तिचा, एवढा, चार बोटं ऱ्हायली असतील. मी हात वडला आनि पाठीत एक घातला. जोरात. माझ्या हाताला झिनझिन्या आल्या तर तिचं काय झालं असंल." त्यानं तळहात उघडून बघितला, जणू अजून तिथं काही असेल. "सगळं माग बंद केलं. दिसभर. तिची समजूत घातली. पन मारलं ते मारलं."

वृंदानं त्याला सगळं समजावून सांगितलं. भिंती, यंत्र, ती बाटली. 'मारलं' हा शब्द यंत्रात गेला की काय उभं राहील तेही. हे दुसऱ्या कुणी पाहिलेलं नव्हतं, मंजीही बोललेली नव्हती. न लिहिलं तर कुणाला कळणारही नव्हतं. "दादा, बुधवारी निर्णय आहे. मंजी कायमची लांब जाऊ शकते," ती म्हणाली.

सिद्राम तिच्या ओठांकडे बघत होता, एकही शब्द सुटू नये म्हणून. मग म्हणाला, "मशीन काय करंल ते करू दे. हे म्हाईत असनारी मानसं दोनच, मी आनि ती. उद्या ती घरात आली, आनि तिला कळलं का मामानं तेवढं लपवून आनलं मला, तर खरं बोल म्हनून तिला कुठल्या तोंडानं सांगू? लिवा तुम्ही."

एवढं बोलून तो उठला आणि तिच्यासाठी चहा ठेवायला गेला.

कॉलेजात येऊन वृंदानं आधी एकच वाक्य घातलं: 'मामाने बालिकेस एकदा मारले.' भिंतीवर बाटली हजर झाली. सात पानं लिहूनही, एका वाक्यापाठोपाठ. क्षणभर वाटलं, नकोच ते. त्याला काय कळणार आहे, वाचून तर झालंय त्याचं. आणि या विचाराची तिला इतकी लाज वाटली की तिनं लगेच पेन हातात घेतलं.

तिनं ते वाक्य खोडलं आणि अर्धं पान लिहिलं. कुठला महिना, दिवसाची कुठली वेळ, कोण कुठं उभं होतं, हात आणि पट्टा यांत किती अंतर होतं, किती फटके, कुठं, नंतर त्यानं काय केलं. दुखलं असणार, हे त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत. खाली जोडलं: 'याआधी किंवा यानंतर असे घडले का, याविषयी मला फक्त सिद्राम यांचे म्हणणे माहीत आहे. मंजीला मी हे विचारलेले नाही. तिच्या मनात काय आहे, मला माहीत नाही.' आणि अगदी वर, पहिल्या ओळीत: 'पहिल्या अहवालात मी आवाज लिहिला, त्याचे कारण लिहिले नाही, कारण मी ते विचारले नव्हते. ही चूक माझी.' अहवालात 'मी' लिहायचं नसतं, 'प्रस्तुत विद्यार्थिनीने' असं लिहितात. चूक प्रस्तुत विद्यार्थिनीची म्हटली तर ती दुसऱ्याच कुणाची तरी वाटते, म्हणून वृंदानं 'मी'च ठेवलं.

तांबोळी मॅडमनी मंगळवारी ते वाचलं. समासात एकही प्रश्न न लिहिता सही केली.

बुधवारी भिंती उजळल्या तेव्हा वृंदानं नखं तळहातात रुतवून घेतली. सिद्राम आला. उंच, वाकलेला, भुवयांवर कापूस. खुंटीवर गणवेश होता, मंजीचा भांग वाकडा होता आणि भिंतीतून धडधड येत होती, इतकी की एका सदस्यानं कानांवर हात ठेवले. मग ती दुपार आली. शाळेतून आलेली मुलगी, पट्टा, ओढलेला हात, धपाटा. मागून एकेक माग थांबत गेला आणि त्या शांततेत मामा जमिनीवर बसून राहिला. मंजीचा चेहरा मात्र यंत्रानं काढला नव्हता. 'मला माहीत नाही' असं स्पष्ट लिहिलं की त्याला पदरचं काही भरता येत नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता गिलावा दिसत होता.

माणगावेबाई त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिल्या.

"हा धपाटा तुम्हाला कुणी सांगितला?"

"सिद्राम यांनीच. पुरवणी वाचायला दिली, तर म्हणाले हे राहिलंय."

"स्वतःहून?"

"हो."

बाईंनी हात केला आणि भिंती पांढऱ्या झाल्या. "मुलीला आत बोलवा. मामाला पण बोलवा, दाराशी बसू दे."

मंजी आत आली आणि टेबलासमोर मान खाली घालून उभी राहिली. मामा मागं दाराजवळच्या स्टुलावर बसला. एवढ्या अंतरावरून त्याला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"मंजी," बाई हळू म्हणाल्या, "मामानं तुला कधी मारलंय का गं?"

मान आणखी खाली गेली. ओठ घट्ट मिटले. बालगृहाच्या नोंदीत होतं अगदी तस्संच.

"सांगितलंस तर कुणी रागावणार नाही. आम्हाला माहितीय. पट्ट्याजवळ हात गेला होता ना तुझा?"

मंजीनं झटकन वर बघितलं. "कुनी सांगितलं?"

"मामानं."

"मामानं?" तिचा आवाज खोलीभर घुमला. "मी कुनालाच सांगितलं नव्हतं! बालगृहातल्या बाई रोज इचारायच्या, मामा कसा हाय, मामा काय करतो. बोलायला लागलं की ते पन तोंडातनं निघंल, म्हनून मी कायच बोलले न्हाई. तीन महिने." तिचे डोळे भरून आले. "तुम्हाला कळलं असतं तर मला घरी सोडलं नसतं."

वृंदाला समोरचं धूसर दिसायला लागलं. गप्प बसते, एवढंच तिनं आपल्या अहवालाला जोडलं होतं.

माणगावेबाईंनी कागद पुढं ओढला आणि यंत्राकडं न बघता हातानं लिहायला घेतलं. "मुलीला आजच घरी पाठवा. तीन महिन्यांनी भेट, आणि त्या भेटीला मी स्वतः येणार. सिद्राम यांच्या कानांची तपासणी शासनाच्या खर्चानं करायची, आणि त्यावरून त्यांना कामावरून काढता येणार नाही, असं मालकाला समितीचं पत्र द्या. जोगळे, पत्राचा मसुदा तुम्ही लिहा." मग त्या मंजीला म्हणाल्या, "जा, सांग मामाला."

मंजी दारापर्यंत पळत गेली. मामाच्या अगदी समोर, त्याला तोंड दिसेल अशी उभी राहिली. पण निर्णय सांगायचं ती विसरूनच गेली.

"कशाला सांगितलंस रं?" ती ओरडली. "मी लपवून ठेवलं हुतं की!"

सिद्राम तिच्या ओठांकडे बघत होता. त्याला कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि बाहेरच्या बाकांवरची माणसंसुद्धा वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाला, "तुला लागलं हुतं म्हनून!"

शिपाई दार लावून घ्यायला पुढं झाला. माणगावेबाईंनी मान हलवून त्याला थांबवलं.